आधी एक पावसाळा

मृगाचा पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री आम्ही दोघं माजघरात टॉर्च घेऊन उभे होतो. टोप, परात, कळशी, रंगाचा रिकामा डबा, हाताला लागेल ते थेंबाखाली सरकवत होतो. पहाटे तीनच्या सुमारास घरातली भांडी संपली. मग नवऱ्यानं एका पाठकोऱ्या कागदावर घराचा आराखडा काढला. ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर. जिथे थेंब पडत होता तिथे मी पेन्सिलीनं फुली मारत गेले. उजाडलं तेव्हा कागदावर २३ फुल्या होत्या.

ही गोष्ट जून २०२२ची. मे अखेरीला मी टपाल खात्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. नवरा दोन वर्षं आधीच झाला होता. डोंबिवलीची जागा मुलाच्या हवाली करून आम्ही गुहागर तालुक्यातल्या या घरी कायमचं राहायला आलो. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं हे घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली होती, पण मी ते दोनच वेळा पाहत आले होते, गणपतीत आणि मे महिन्यात. गणपतीत कुठे गळलंच तर पाच दिवस भांडं लावून भागायचं. मेमध्ये घर खडखडीत कोरडं असायचं. आणि दोन्ही वेळा माझा बहुतेक दिवस चुलीपुढे जायचा.

येताना सगळं ठरवून आलो होतो. भिंतींना सिमेंटचा गिलावा, जमिनीला चकचकीत फरशी, कौलं उतरवून वर पत्रा. निवृत्तीच्या रकमेतला काही भाग त्यासाठी बाजूला काढला होता. गावातले जुने गवंडी आले, घरभर हिंडले, जागोजागी भिंतीला तळवा लावून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. आधी एक पावसाळा घरात काढा. कुठे काय करायचं ते घरच दाखवील. मग मला हाक मारा."

तेव्हा मला वाटलं, ते काम पुढे ढकलताहेत. आज या घरातला आमचा चौथा पावसाळा चालू आहे. निवृत्तीनंतर घराला हात लावायला निघालेला कुणीही भेटला की मी त्याला गवंड्यांचं तेच वाक्य सांगते. या लेखासाठी मी आमच्याच पंचक्रोशीतल्या आणखी काही घरांत जाऊन बसले. नोकरी संपवून परतलेल्या, जुनं घर पुन्हा उभं करू पाहणाऱ्या माणसांची ही घरं. त्यांच्याकडूनही थोड्याफार फरकानं तेच ऐकलं.

सलग वर्ष

नोकरीतल्या माणसाच्या वाट्याला वर्षाचे तुकडे येतात. दहा दिवस मेमध्ये, पाच दिवस भाद्रपदात. निवृत्त माणसाच्या हाती पहिल्यांदाच सलग वर्ष लागतं, आणि कोकणातलं घर सलग वर्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो सगळा एकाच दिशेनं येत नाही. जून ते ऑगस्ट वारा समुद्राकडून येतो, तेव्हा पश्चिमेचा पाखा मार खातो. हस्त नक्षत्रात, सप्टेंबरच्या शेवटी, दुपारनंतर ढग सह्याद्रीकडून चढतात, गडगडाट होतो आणि सरी उलट्या बाजूनं झोडपतात. तीन महिने कोरडा राहिलेला पूर्वेचा पाखा त्या पंधरा दिवसांत गळतो. आमच्या २३ फुल्यांमध्ये हस्तानं सहांची भर घातली. मेमध्येच काम उरकलं असतं तर या २९ जागांतली एकही आम्हाला ठाऊक झाली नसती.

त्या पावसाळ्यात आम्ही गळतीखेरीज इतरही नोंदी केल्या. अंगणातलं पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं. पागोळ्यांनी कुठे चर पडला. कुठल्या खोलीत कपाटातल्या साड्यांना बुरशी आली आणि कुठल्या खोलीत नाही. ओल भिंतीच्या पायातून किती वर चढली, ते दर रविवारी कोळशानं रेघ मारून ठेवलं. त्या रेघांवरून पुढे अर्धं काम ठरलं.

आणि कामाचं वेळापत्रकही ऋतूंनीच दिलं. दसऱ्यानंतर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून घर वाळू द्यायचं. भिंती आणि जमिनी डिसेंबर ते फेब्रुवारीत. लाकूडकाम आणि छप्पर मार्च-एप्रिलमध्ये. मेमध्ये शाकारणी. रोहिणी लागायच्या आत माणसं छपरावरून खाली. नोकरदार माणूस हे सगळं महिनाभराच्या रजेत कोंबतो, आणि मग ओल्या भिंतीवर गिलावा चढतो, कच्च्या लाकडाचे वासे बसतात.

भिंतीचा श्वास

आमच्या मातीत चिरा जन्मतो, म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप नाही. फ्रान्सिस ब्यूकॅनन हा स्कॉटिश प्रवासी मलबारात हिंडत असताना अंगाडिपुरम इथे त्यानं हा दगड पाहिला. जमिनीत मऊ, कुऱ्हाडीनं विटेसारखा कापता येणारा, आणि उघड्यावर आला की कठीण होत जाणारा. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यानं विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लोखंडाच्या अंशामुळे तांबडा, आणि अंगभर छिद्रांचा. या छिद्रांमुळेच चिऱ्याची भिंत पाणी शोषते, आणि ऊन पडलं की तेच पाणी सोडून देते.

सिमेंटचा दाट गिलावा चढवला की हे सोडणं थांबतं. आमच्या वाडीतल्या एका घरानं दहा-बारा वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंट केलं. पायातून चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधत आता छातीपर्यंत पोचली आहे. दर दिवाळीला रंग, दर श्रावणात पोपडे. घरच्या बाईंनी मला भिंतीवर हात ठेवायला लावला. ऑक्टोबरच्या उन्हातही ती गार आणि ओलसर होती.

आम्ही चुन्याकडे वळलो. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदून उकळतो. त्याला चुना विरवणं म्हणतात. त्या वेळी जवळ उभं राहायचं नाही, डोळ्यांना चष्मा हवाच, कारण उडालेला एक थेंब डोळा घेऊ शकतो. विरलेला चुना आम्ही पाण्याखाली महिनाभर ठेवला. मग वाळूबरोबर मळून गिलावा. गवंड्यांच्या वडिलांच्या काळी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालत. सिमेंट पाणी पिऊन काही तासांत घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडे, महिने घट्ट होत जातो, आणि तोवर त्याला अधूनमधून पाणी शिंपडून जपावं लागतं. हे शिंपडणं सकाळ-संध्याकाळचं माझं काम होतं. नोकरीत असताना मला ते जमलंच नसतं. चुन्याला रिकामपण असलेला माणूस लागतो, आणि तो आता या घरात होता.

सिमेंटशी माझं वैर नाही. न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीला, गटाराला आम्ही तेच वापरलं. कुठल्या भिंतीला काय मानवतं एवढाच प्रश्न आहे.

छप्पर आणि हातोडीचा दांडा

आमची कौलं उतरवली तेव्हा कित्येकांच्या पोटाशी बासेल मिशनचा ठसा निघाला. स्वित्झर्लंडमधल्या या मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्राचा साचा आणि भट्टी. एका कौलाची खाच दुसऱ्यात अडकते, त्यामुळे नळ्यांपेक्षा वजन कमी आणि वाऱ्याला टिकाव जास्त. किनाऱ्यानं गलबतांतून ती कोकणातल्या बंदरांत उतरत. आमच्या कौलांतली निम्म्याहून अधिक आजही खणखणीत आहेत. सुतार प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून पाहत होता. खणखणीत ते एका ढिगात, बद्द ते दुसऱ्या ढिगात. बद्द कौलं आम्ही टाकली नाहीत. ती परसातल्या पायवाटेच्या कडेला उभी पुरली.

पत्र्याचा विचार तिथेच संपला. पत्रा स्वस्त आणि लवकर होतो, पण उन्हाळ्यात खाली बसवत नाही आणि आषाढात त्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. वादळाची भीती मात्र खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांत कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले. आमच्याकडे त्या मानानं कमी झालं, तरी पश्चिमेच्या पाख्याची एक पट्टी उघडी पडली होती आणि चुलत दिरांनी त्यावर प्लॅस्टिक टाकून घर वाचवलं होतं. म्हणून या वेळी वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची कौलं सुतारानं तारेनं रिपांना बांधून घेतली.

गळतीची कारणं शोधताना कळलं की फुटलेली कौलं थोडीच होती. बरीचशी सरकलेली होती, वानरांच्या उड्यांनी. काही ठिकाणी फणसाची पानं साचून पाण्याला बांध पडला होता. दोन ठिकाणी वासा खचून उतार मोडला होता. सुतार हातोडीच्या दांड्यानं प्रत्येक वाशावर टकटक करत गेला. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूची खूण. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत चढते, म्हणूनच जुन्या लोकांनी खांब थेट जमिनीत न रोवता दगडाच्या तळखड्यावर उभे केले. आमच्या पडवीतला एकच खांब कुजला होता. कधीतरी जमीन उंच करताना त्याचा तळखडा मातीखाली गेला होता. सुतारानं खांबाचं कुजलेलं टोक कापून फणसाच्या लाकडाचा नवा जोड दिला आणि तळखडा मोकळा केला. नव्या वाशांना काजूच्या टरफलाचं काळं तेल पाजलं. माजघरावर चार काचेची कौलं बसवली. त्या अंधाऱ्या खोलीत दुपारी बारा वाजता जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला, आणि मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. याच खोलीत सासूबाईंनी आयुष्यभर दिवसाढवळ्या दिवा लावून तांदूळ निवडले होते.

गुडघ्यांचा नकाशा

जुनं घर दुरुस्त करताना माणूस आठवणींना शरण जातो. सगळं होतं तसं हवं असतं. मुंबईच्या एका पालिका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका आमच्यापासून दोन वाड्या पलीकडे राहतात. त्यांनी मला पहिल्या भेटीतच विचारलं, "घर कुणासाठी करताय? लहानपणीच्या तुमच्यासाठी की ऐंशी वर्षांच्या तुमच्यासाठी?" खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळलेले म्हातारे त्यांनी नोकरीभर पाहिलेत. त्यातले पुष्कळ घरातच पडलेले, बरेचसे ओल्या न्हाणीत.

त्यांचं स्वतःचं न्हाणीघर पाहण्यासारखं आहे. पूर्वी ते परसात होतं. रात्री पावसात कंदील घेऊन जावं लागे. आता झोपण्याच्या खोलीला लागून आहे. फरशी खरखरीत, उंबरठा नाही, पाणी एका कोपऱ्यात उतरेल इतकाच उतार. दार बाहेर उघडतं, कारण आत पडलेल्या माणसाचा देह दाराला अडसर होऊ शकतो. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर, चाकाची खुर्ची जाईल इतकी. कमोडशेजारी आणि न्हाण्याच्या जागी धरायला दांडा. चिरा ठिसूळ, त्यात ठोकलेला स्क्रू झटक्यासरशी निघून येतो, म्हणून त्यांनी भिंतीत काँक्रीटचे ठोकळे बसवून त्यांत दांडे पक्के केलेत. उताराच्या वाटेचा हिशेबही त्यांनीच समजावला. एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमचं जोतं अडीच फूट उंच, म्हणजे ३० फूट. सरळ केली तर ती वाट तुळशीवृंदावनापर्यंत गेली असती, म्हणून पडवीच्या कडेनं वळवून घेतली. आज तिच्यावरून आम्ही नारळाची पोती ढकलगाडीनं आणतो. पुढे कधी ती आमच्याही कामाला येईल.

त्यांच्या प्रश्नानं माझं स्वयंपाकघरही बदललं. पस्तीस वर्षं मी या घरात जमिनीवरच्या चुलीपुढे वाकून, धुरात डोळे चोळत रांधलं. नवरा निवृत्त झाला तेव्हा खरोखर मोकळा झाला; माझ्या निवृत्तीनंतरही स्वयंपाक होता तिथेच होता. म्हणून मी हट्टानं दोन गोष्टी करून घेतल्या. ओट्याची उंची माझ्या कोपराच्या चार बोटं खाली, छापील मापानं नव्हे. आणि माजघराकडची भिंत अर्धी उतरवून खिडकी, म्हणजे रांधणारं माणूस बाहेरच्या गप्पांत असेल. या घरात आता दोघंही रांधतात. चूल मात्र मोडली नाही; ती मागच्या पडवीत गेली, धुराला मोकळी वाट आहे तिथे.

कागद आणि माणसं

घर दुरुस्त करायला निघालेल्यांना सर्वांत आधी जे विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. घर कुणाच्या नावावर आहे? आम्ही ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला, तर घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. त्यांच्या तीन मुलांची मिळून अकरा नातवंडं, मुंबई-पुण्यापासून बडोद्यापर्यंत पांगलेली. एकट्यानं खर्च करून मोकळं होणं सोपं होतं, आणि पुढे भाऊबंदकीला तेच कारण झालं असतं. पहिल्या गणपतीत आरतीनंतर सगळ्यांना ओटीवर बसवून २३ फुल्यांचा कागद मधे ठेवला. दीर, जावा, नणंदा, सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं द्यावं, खर्चाची वही उघडी राहील, राहणाऱ्यानं मालक व्हायचं नाही आणि न राहणाऱ्यानं दर दोन वर्षांनी कौलं बदला म्हणायचं नाही. हे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वारसांची नावं लावायचा अर्जही दिला. धाकट्या नणंदेनं सही करताना विचारलं, "माझंपण नाव लागणार ना, वहिनी?" तिचं नाव यादीत होतंच.

दिवसाचं काम

शेजारच्या गावात एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. त्यांच्या घरी गेलं की ते कशाच्या तरी खाली नाहीतर मागे असतात. विहिरीचा पंप त्यांनी स्वतः उघडून जोडला. घरातली जुनी वायर काढून नवी घातली, अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला, गळता प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला, कारण ओल्या भिंतीत वीज उतरली तर कळायच्या आत माणूस जातो. पण त्यांचा एक नियम आहे. साठीनंतर कौलांवर चढायचं नाही. शाकारणीला ते खाली उभे राहून कौलं हातात देतात आणि वरच्या तरुण पोरांना हाका मारून दाखवत राहतात. "हात चालतोय तोवर खालचं काम माझं," असं ते म्हणाले.

त्यांच्याकडे पाहून मला माझ्या दिवसाचा अर्थ लागला. निवृत्तीनंतर पहिले काही महिने मी पहाटे पाचला दचकून उठायचे. आता पाचलाच उठते, पण चहाचा कप घेऊन घराला एक फेरी मारते. वळचणीखाली कुठे नवी माती पडली का, तळखड्यांवर वाळवीची नळी चढली का, विहिरीच्या कठड्याला भेग वाढली का. मग जे दिसेल ते दिवसाचं काम. एखाद्या खिडकीची बिजागरी, गडग्याचे ढासळलेले चार दगड. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून खिळे, बिजागऱ्या, रंग आणायला चिपळूणला मीच जाते. हार्डवेअरच्या दुकानात पूर्वी माझ्या मागे कोण पुरुष आला आहे ते पाहत. आता मलाच माप विचारतात. दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी ओटीवर वाचन. ज्या ओटीवर बायकांनी बसायची रीत नव्हती, तिथे आता माझी आरामखुर्ची आहे.

नवरात्र सरलं की खळं करायचं. पावसानं धुपलेलं अंगण खणून, नवी माती पसरून, पाणी मारून चोपण्यानं चोपायचं, मग शेणानं सारवायचं. दरवर्षी पावसात ते वाहून जातं आणि दरवर्षी दिवाळीआधी नव्यानं होतं. पहिल्या वर्षी मी नवऱ्याला म्हटलं होतं, एकदाच काँक्रीट करून टाकू. आता मला त्या आठ दिवसांची ओढ असते. आजूबाजूच्या पोरांना सुट्टी असते, तीही चोपणं धरायला येतात. तुळशीच्या लग्नापर्यंत त्या सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालण्यासारखं सुख नाही.

फुल्यांचा तो कागद माजघरात चौकटीत लावला आहे. शेजारी दर पावसाळ्याचा नवा कागद टाचतो. २९ फुल्यांवरून दुसऱ्या वर्षी सात झाल्या, गेल्या वर्षी पाच. यंदा जूनपासून आतापर्यंत चार आहेत. त्यांतली एक अगदी नवी, देवघराच्या कोपऱ्यात, परवा वानरांची टोळी छपरावरून गेली तिथली. दिवाळी अंकाचं लिखाण पावसातच द्यावं लागतं, त्यामुळे हे लिहिताना हस्त लागायला अजून पंधरा दिवस आहेत. यंदाच्या कागदावर पूर्वेच्या पाख्याची बाजू कोरी आहे. पेन्सिल टोक काढून खिडकीत ठेवली आहे.